पंचगंगेची तिसरी रेषा

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै उजाडला की कोल्हापुरात हे आकडे धावफलकासारखे तोंडी असतात. बंधाऱ्यावर आज किती, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली का (म्हणजे पाणी कमानींपर्यंत चढलं का), या तीन प्रश्नांवर अख्खी सकाळ निघते. ज्या दोन आकड्यांवर या शहरातल्या जमिनीचं भवितव्य ठरतं, ते मात्र चहाच्या टपरीवर कधी निघत नाहीत. ते आकडे २५ आणि १००.

निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. लालच्या बाहेर पाऊल टाकलं की पुराचा विषय कागदावर संपतो.

'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस हिशेब मांडतो: २०२१ ला येऊन गेला, आता नातवाच्या वेळी बघू. खरा अर्थ एवढाच, की असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का. नदीला मागचा पूर आठवत नसतो. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत लाल रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता १८ टक्के निघते. निळ्या रेषेवरच्या घराला तीच ५६ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जास्त. गणित कुणीही करून बघावं: ०.९९ चा विसावा घात एकातून वजा करा, मग ०.९६ चा.

आता हा एक टक्का ठरतो कशावरून? नदीच्या मोजलेल्या नोंदींवरून. दरवर्षीचा कमाल विसर्ग घ्यायचा, उतरत्या क्रमाने मांडायचा, त्यावर एक वक्र बसवायचा आणि तो पुढे ताणून १०० वर्षांपर्यंत न्यायचा. हातात ५० वर्षांची नोंद असेल, तर तिच्यात शंभर वर्षांचा पूर मुळात आलेलाच नसण्याची शक्यता ६० टक्के असते. म्हणजे जे पाहिलंच नाही त्याची उंची अंदाजाने काढायची. वर गृहीत असं, की मान्सूनचा स्वभाव या काळात बदललेला नाही आणि पुढेही बदलणार नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, २०२१ च्या जुलैत, ५६ फुटांच्या. लागोपाठ दोन महापूर आले म्हणून गृहीतक मोडलं असं लगेच सिद्ध होत नाही, योगायोगही असू शकतो. पण योगायोग की बदल, हे ठरवायला जितकी लांब नोंद लागते तितकी नदीकाठी नाही. ती समुद्रात आहे, आणि पूररेषा आखणाऱ्यांनी ती वापरावी असं माझं म्हणणं आहे. वापरायची कशासाठी, तर निळ्या-लालच्या पलीकडे एक तिसरी रेषा आखण्यासाठी. तिच्या आत घरं चालतील, पण शहराचा श्वास ज्यावर चालतो ती ठिकाणं चालणार नाहीत.

पंचगंगेच्या पुरासाठी समुद्रातली पोवळी तपासायची, हे ऐकायला ओढूनताणून वाटेल. पण गगनबावड्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचं काय होतं ते बघा. पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पाऊस येतो अरबी समुद्राच्या वाफेतून, जातो दोन्हीकडे. येताना समुद्र किती तापला होता आणि जाताना किती गोडं पाणी, किती गाळ त्यात ओतला गेला, याची खतावणी त्या दोन समुद्रांच्या तळाशी आणि प्रवाळांच्या सांगाड्यात पडून आहे.

कोल्हापूरच्या मातीत ती शोधून उपयोग नाही. शहराखाली बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात प्रवाळ कुठून येणार? इथल्या माणसाची पोवळ्याशी ओळख गुजरीतली, म्हणजे सराफांच्या पेठेतली, मंगळाच्या अंगठीपुरती. ते लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, वेगळ्या घराण्यातलं. हवामानाच्या अभ्यासाला लागतो तो पोराइट्स नावाचा दगडी प्रवाळ. उथळ, उबदार पाण्यात घुमटासारखा वाढतो, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. तीन मीटर उंच घुमट म्हणजे दोन-तीनशे वर्षांची रोजकीर्द. आपल्याकडे असे प्रवाळ लक्षद्वीपला आहेत आणि त्यांच्यातल्या मान्सूनच्या खुणा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातच वाचून दाखवल्या आहेत.

वाचायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या पुराव्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यावरच ठरतं. पाणबुड्या घुमटाच्या माथ्यावर हिऱ्याचं बिट लावलेलं ड्रिल उभं धरतो आणि पाच ते आठ सेंटिमीटर व्यासाची कांडी काढतो. जिवंत भाग वरच्या काही मिलिमीटरपुरताच असतो. भोक सिमेंटने बुजवलं की प्रवाळ त्यावरून पुन्हा वाढतो. कांडी उभी कापून पाच-सात मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या आणि एक्स-रे काढायचा. झाडाच्या वर्तुळांसारखे फिकट-गडद पट्टे दिसतात. एक फिकट आणि एक गडद मिळून एक वर्ष. हे पट्टे खरोखर वार्षिक आहेत याचा भक्कम पुरावा १९७२ साली मिळाला, तोही प्रशांत महासागरातल्या एनिवेटक बेटावर. तिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या. स्फोटांची किरणोत्सारी खूण सांगाड्यात ज्या थरावर बसली, तिथून वरचे पट्टे मोजले तर वर्षांचा हिशेब जुळला.

मग वाढीच्या रेषेवरून दर मिलिमीटरला बारीक ड्रिलने चिमूटभर भुकटी काढायची. चिमूट म्हणायची पद्धत; समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या) मोजणीला ग्रॅमचा दहाहजारावा भाग पुरतो. वर्षाला बारा मिलिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाचे बारा नमुने निघतात, म्हणजे महिन्याला एक. ड्रिल जोरात चालवलं तर घात. सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा असतो, तापला की त्याचं कॅल्साइट हे दुसरं रूप होऊ लागतं आणि मोजणी बिघडते.

पुढचं काम शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला वेगळं सांगायला नको. ओतण्याआधी रसाचा नमुना घेऊन स्पेक्ट्रो मारतात, ठिणगीच्या उजेडावरून कार्बन किती, सिलिकॉन किती ते कळतं. प्रवाळाची भुकटी आम्लात विरघळवून प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत सोडतात आणि त्याच तत्त्वाने स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम मोजतात. पाणी जितकं थंड, तितका प्रवाळ कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम जास्त घेतो. कॅल्शियमच्या हजार अणूंमागे स्ट्रॉन्शियमचे साधारण नऊ. पाणी एक अंशाने तापलं की त्या नऊमधून ०.०६ कमी होतात. म्हणजे एका अंशासाठी पाऊण टक्कासुद्धा फरक नाही! चांगलं यंत्र ०.२ टक्क्यापर्यंत अचूक मोजतं, त्यामुळे एकेका नमुन्यावर पाव-अर्ध्या अंशाची शंका कायम राहते.

ऑक्सिजनची मोजणी वेगळी. जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण पाणी तापलं की सांगाड्यात घटतं आणि पावसाचं गोडं पाणी मिसळलं तरी घटतं. नुसत्या ऑक्सिजनवरून कुणी तापमान सांगू लागला तर त्याला पावसाचं काय केलंस म्हणून विचारावं. स्ट्रॉन्शियमवरून तापमान काढायचं, ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं. उरतो तो पाण्याच्या खारेपणाचा, म्हणजे पाऊस आणि बाष्पीभवनाचा हिशेब.

घोटाळे कुठे होतात? घुमट एका बाजूला कलून वाढलेला असतो आणि कांडी तिरकी निघते, मग महिने एकमेकांत मिसळतात. सांगाड्याच्या पोकळ्यांत समुद्राच्या पाण्यातून नवं ॲरागोनाइट साचतं. त्यात स्ट्रॉन्शियम जास्त, म्हणून खोटी थंडी दिसते. कॅल्साइट साचलं तर खोटी उष्णता. हे डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच पकडावं लागतं. एखाद्या वाईट वर्षी पट्टाच नीट उमटत नाही आणि तिथून मागच्या सगळ्या तारखा एका वर्षाने सरकतात. म्हणून शहाणी माणसं एकाच बेटावरच्या दोन-तीन कांड्या ताडून बघतात आणि मधेमधे युरेनियम-थोरियम पद्धतीने वय काढतात. प्रवाळ समुद्रातून युरेनियम घेतो, थोरियम जवळजवळ नाहीच. आत युरेनियमपासून ठरलेल्या वेगाने नंतर तयार झालेलं थोरियम मोजलं की घड्याळ मिळतं.

आपल्या विषयाला सगळ्यात जवळची गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची. पीटर इसडेल यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की नदीमुखाजवळच्या प्रवाळाची चकती अतिनील प्रकाशात धरली तर तिच्यात चमकणाऱ्या रेघा दिसतात. नदीच्या पुरातून आलेल्या कुजलेल्या वनस्पतींच्या द्रव्यांशी त्यांचा संबंध. मोठा पूर, ठळक रेघ. बर्डेकिन नदीच्या पुरांची नोंद अशी सतराव्या शतकापर्यंत मागे नेली गेली आहे. सव्वातीनशे वर्षांहून जुनी पूरनोंद, एका दगडी घुमटात!

प्रवाळ शतकं सांगतो, सहस्रकं सांगतात ती फोरॅमिनिफेरा. वाळूच्या दाण्याएवढी कवचं असलेले एकपेशीय जीव, मेले की तळाला जातात. गाळाची कांडी काढून एकेक-दोनदोन सेंटिमीटरचे काप करतात, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात (फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये काम केलेल्याला ही चाळणी ओळखीची वाटेल), वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलून किमान तीनशे मोजतात. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही जात जास्त भरली तर वारे जोरात होते असं समजायचं, कारण मान्सूनचा वारा खालचं थंड, अन्नाने भरलेलं पाणी वर आणतो आणि ही जात त्यावर पोसते. आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या गाळात याच जातीची टक्केवारी मोजून मान्सूनच्या वाऱ्याची हजारो वर्षांची चढउतार २००३ मध्ये मांडली. खोट एवढीच, की तळातले किडे गाळ उकरून पाच-दहा सेंटिमीटरचा काला करतात. तिथे एकेक वर्ष शोधणाऱ्याने प्रवाळाकडे परत यावं.

या खतावण्यांतून निघालेल्या दोन गोष्टी कोल्हापूरच्या कामाच्या आहेत. पहिली गोदावरीच्या मुखासमोरची. २००६ साली गॅस हायड्रेटच्या (समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या) शोधमोहिमेत तिथे गाळाची कांडी काढली होती. तिच्यावरचा अभ्यास २०१२ मध्ये आला. दख्खनमधून वाहून आलेल्या गाळानेच ती भरलेली. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत द्वीपकल्प कोरडं होत गेलं आणि १,७०० वर्षांपूर्वीपासून ते आणखी तीव्र झालं, असं ती सांगते. म्हणजे ज्याला आपण 'आपला पाऊस' म्हणतो, तो कायमचा ठरलेला नव्हताच.

दुसरी गोष्ट हिंदी महासागराच्या द्विध्रुवाची. समुद्राची पश्चिम बाजू तापते, सुमात्राकडची थंड पडते, तेव्हा धन द्विध्रुव म्हणतात. २०१९ सालचा असाच फार तीव्र होता. नेरिली एब्रम आणि सहकाऱ्यांनी सुमात्राच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचे जिवंत आणि मृत प्रवाळ वापरून गेल्या हजार वर्षांतल्या साधारण पाचशे वर्षांचा हा इतिहास २०२० मध्ये मांडला. अतितीव्र घटना दहा सापडल्या, त्यातल्या चार गेल्या साठ वर्षांतल्या. आणि सगळ्यात मोठी कधीची, तर १६७५ ची, शिवरायांच्या राज्याभिषेकानंतरच्या वर्षाची. यंत्रांनी मोजलेल्या काळातल्या सर्वांत मोठ्या, १९९७ च्या घटनेहून ती ४२ टक्क्यांपर्यंत जास्त तीव्र ठरते.

यातून १६७५ ला पंचगंगेला महापूर आला होता असं कुणी लिहू नये. द्विध्रुव आणि घाटावरचा पाऊस यांचं नातं सरळ नाही. २०१९ चा द्विध्रुव शिगेला पोचला तो पूर ओसरल्यावर कितीतरी आठवड्यांनी. धडा वेगळा आहे. आपल्या यंत्रांनी जे सर्वांत टोकाचं म्हणून नोंदवलं, त्याच्या बऱ्याच पुढे ही व्यवस्था आपली आपण जाऊ शकते, तीही माणसाने धूर सोडायच्या आधी. आणि आता त्याच टोकाच्या घटना दाटीने येत आहेत.

इथे लगेच एक आवाज येतो: बघा, हवामान तर पूर्वीपासून बदलतंय, मग उगाच गाड्या-कारखान्यांना कशाला दोष? हा युक्तिवाद करणारे प्रवाळाचं अर्धंच पान वाचतात. त्याच कांडीच्या वरच्या भागात कार्बनची कथाही आहे. कोळसा-तेल जाळून हवेत गेलेल्या कार्बनमध्ये जड कार्बन-१३ कमी असतो. गेल्या दीड-दोनशे वर्षांच्या थरांत ते प्रमाण घसरत गेलेलं अनेक समुद्रांतल्या प्रवाळांत दिसतं. ज्या साक्षीदाराला 'पूर्वीही असंच व्हायचं' म्हणून उभा करता, तोच 'या वेळी धूर तुमचा आहे' असं सांगतो. वेगाचंही बघा. हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाचेक अंश तापायला दहा हजार वर्षांच्या आसपास लागली. हिंदी महासागर १९५० नंतरच्या सत्तर वर्षांत सुमारे एक अंश तापला आहे, आणि दर अंशामागे हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते.

दुसरा आवाज जास्त व्यवहारी, म्हणून जास्त धोक्याचा: शास्त्रज्ञांचं आपसातच नक्की नाही, मग रेषा सैल करा. अनिश्चिततेचा अर्थ बांधकामाच्या बाजूनेच का लावायचा? पुलाच्या खांबाची ताकद नक्की माहीत नसेल तर इंजिनिअर सळई वाढवतो, कमी करत नाही.

प्रवाळातून '५८ फूट' असा आकडा काढून दाखवणारा भेटला, तर मात्र त्याला चहा पाजून वाटेला लावावं. समुद्र आणि पंचगंगेच्या संगमावरचं प्रयाग चिखली यांच्या मध्ये फार दुवे आहेत: घाटावरचा पाऊस, भिजलेली जमीन, धरणांतून कधी किती सोडलं, महामार्गाचा भराव, पात्रालगत टाकलेला मुरूम. आणि कर्नाटकातलं, कृष्णेवरचं अलमट्टी धरण. दरवर्षी पुराची चर्चा अलमट्टीपाशी येऊन थांबते. फुगवट्याचा प्रश्न खराच आहे आणि त्याचं उत्तर मोजमापानेच मिळायला हवं. पण कर्नाटकाने उद्या सगळे दरवाजे उघडे ठेवले, तरी आपण भरलेली पूरभूमी रिकामी होणार नाही.

तर वापर असा करावा. प्रवाळ आणि गाळ यांवरून मान्सूनच्या दशका-दशकांतल्या चढउताराचा पल्ला घ्यायचा. हवामानाची जी प्रारूपं (संगणकावरची मॉडेलं) हा जुना पल्ला दाखवू शकत नाहीत, त्यांचा भाव कमी करायचा. उरलेल्यांकडून तापलेल्या समुद्राच्या पावसाचे सर्वांत वाईट चार-पाच दिवस मागायचे. तो पाऊस आजच्या पंचगंगा खोऱ्याच्या प्रारूपावर पाडायचा, धरणं भरलेली धरून, भराव आहे तिथे धरून. पाणी जिथवर पोचेल ती तिसरी रेषा.

ही रेषा घरांसाठी नको. घरांना लावली तर निम्म्या गावाचे सात-बारे अडकतील आणि पहिल्याच मोर्च्यात ती पुसली जाईल. ती लावायची उपसा केंद्रांना, वीज उपकेंद्रांना, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयांना आणि महामार्गाच्या उंचीला. २०१९ मध्ये पाण्याने वेढलेल्या शहरात नळ कोरडे होते, कारण उपसा करणारे पंप आणि मोटारीच बुडाल्या होत्या. शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला आणि इंधन-दुधाचे टँकर अडकले. पंपघराचं पॅनल आणि मोटर दोन मीटर वर घ्यायला लागणारा खर्च त्याच आठवड्याच्या नुकसानापुढे किरकोळ ठरतो. यात नवं तत्त्वही काही नाही. मोठ्या धरणाचा सांडवा आखताना आपण शंभर वर्षांच्या पुरावर थांबत नाही, संभाव्य कमाल पूर धरतो, कारण धरण फुटणं परवडणारं नसतं. पाच-सहा लाखांच्या शहराचं पिण्याचं पाणी आणि वीज बुडणं परवडतं, असं कधी ठरलं?

'आधी गटारं साफ करा, मग पोवळी तपासा' ही तक्रार मला मान्य नाही, पण तिच्यामागचा राग कळतो. गटारं साफ करायची ती कराच. पण ते खातं वेगळं. प्रवाळ मात्र थांबणार नाहीत. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेच्या लाटांत लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. मेलेल्या घुमटाला किडे आणि शिंपले पोखरू लागतात, आणि रोजकीर्दीची पानं भुगा होऊन जातात. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे कांडी काढायला परवानग्या लागतात आणि लागायलाच हव्यात. पण काढलेल्या कांडीचे आकडे सगळ्यांना खुले हवेत, कपाटात नकोत.

समुद्र आणि बंधाऱ्याची पट्टी यांच्या मधला एक टप्पा आपल्याच हातात आहे. पुण्याचे विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या काठच्या संथ पाण्यातल्या गाळाच्या थरांवरून जुने महापूर शोधून दाखवले. पंचगंगेचं पात्र त्या घळींसारखं अरुंद नाही. पूर पसरतो, थर पातळ बसतात, वर नांगर फिरतो. तरी चिखलीच्या संगमाजवळच्या न नांगरलेल्या पट्ट्यात खड्डे घेऊन पाहायला हरकत नाही.

त्याहून सोपी नोंद नरसोबाच्या वाडीला आहे. कृष्णेचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्याची तारीख वर्तमानपत्रात येते. दाराचा उंबरा म्हणजे दगडात पक्की केलेली एक पातळी. जुन्या अंकांतून तारखा काढल्या की ती पातळी कोणत्या वर्षी कितव्या दिवशी ओलांडली, याची यादी तयार होते. आधी फरशी नव्याने बसवताना उंची बदलली का ते विचारून घ्यावं, आणि अलमट्टीत पाणी साठू लागल्यानंतरची वर्षं वेगळी काढावीत. मग तो उंबरा, घाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा आणि राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीचा शून्य हे सगळं समुद्रसपाटीपासूनच्या एकाच मोजपट्टीवर आणायचं. त्याला लेव्हलचं यंत्र, स्टाफ धरायला एक माणूस आणि पावसाळ्याआधीचे थोडे कोरडे दिवस लागतात.